घाटात मागे पडलेली स्विफ्ट आणि चाळीस हजार रुपये

पत्राचा सारांश : इंदूरच्या एका सत्तावीस वर्षांच्या वाचकांनी दोन वर्षांपूर्वी २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट वापरलेली विकत घेतली. गाडी आतापर्यंत ६२,००० किलोमीटर चालली आहे. हप्ते त्यांच्या पगारातून जातात, पण नोंदणी वडिलांच्या नावावर आहे. दिवाळीनंतर आईवडील, आत्या आणि धाकटी बहीण यांना घेऊन ते ओंकारेश्वरला गेले होते. परतताना भेरूघाटात "चौथ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबूनही" गाडी पन्नासच्या पुढे जाईना, आणि सोबत आलेल्या मित्राची पोलो टीएसआय त्याच चढावर पाहता पाहता दिसेनाशी झाली. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली आहे. ओळखीच्या गॅरेजवाल्याने ईसीयूचे (इंजिनाच्या संगणकाचे) रिमॅपिंग २२,००० रुपयांत, फ्री-फ्लो (धूर कमी अडवणारा) सायलेन्सर १२,००० रुपयांत आणि परफॉर्मन्स एअर फिल्टर ५,००० रुपयांत देऊ केला असून, "भिया, पच्चीस-तीस घोडे तो पक्के समझो," असे आश्वासन दिले आहे. वाचकांजवळ चाळीस हजार रुपये साठले आहेत. हा खर्च योग्य आहे का, आधी काय करावे, आणि वडिलांचा विरोध असताना त्यांना न सांगता हे काम करावे का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

प्रिय वाचकमित्र,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. गाडीत जास्त दम असावा असे वाटण्यात काहीच गैर नाही. इंजिन मन लावून ओढू लागले की होणारा आनंद मला ठाऊक आहे, आणि त्यासाठी पैसे साठवणाऱ्या माणसाविषयी मला आपुलकीच वाटते. म्हणूनच तुमचे चाळीस हजार अशा ठिकाणी जाऊ नयेत, जिथून त्यांच्या बदल्यात आवाजापलीकडे काही मिळणार नाही, अशी माझी इच्छा आहे.

प्रथम त्या पंचवीस-तीस अश्वशक्तीचा हिशेब करू. तुमच्या गाडीचे १,१९७ घनसेंटिमीटरचे इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांना ६१ किलोवॅट, म्हणजे ८३ अश्वशक्ती देते. या इंजिनाला टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा, नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये जाणारी हवा बाहेरच्या वातावरणाच्या दाबानेच आत शिरते. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा भरतो, या हिशेबाने ६,००० फेऱ्यांना इंजिन मिनिटाला फार तर ३,६०० लिटर हवा ओढू शकते. जितकी हवा आत जाईल तितकेच पेट्रोल जळू शकते, आणि जितके पेट्रोल जळेल तितकीच शक्ती मिळते. फिल्टर, सायलेन्सर आणि रिमॅपिंग या तिन्हींना याच ३,६०० लिटरच्या चौकटीत काम करायचे आहे, कारण त्यांतील एकही गोष्ट हवा बळाने आत कोंबत नाही.

उत्पादकाचे स्वतःचे उदाहरण पाहा. २०२१ मध्ये मारुतीने स्विफ्टचे १.२ लिटरचे इंजिन बदलून ड्युअलजेट प्रकारचे नवे इंजिन दिले. आकारमान तेवढेच राहिले, पण इंधन फवारण्याची पद्धत आणि आतील रचना नव्याने आखण्यात आली. एवढे करूनही शक्ती ६१ वरून ६६ किलोवॅटवर, म्हणजे ८३ वरून ९० अश्वशक्तीवर गेली, आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ११३ न्यूटन-मीटर होता तेवढाच राहिला. ज्यांच्या हाती कारखाना, प्रयोगशाळा आणि इंजिनाचे सगळे नकाशे होते, त्यांना इंजिन बदलून सात अश्वशक्ती मिळाल्या. गॅरेजमध्ये एका दुपारी तीस वाढतील असे कोणी सांगत असेल, तर तो मनुष्य कदाचित खोटे बोलत नसेल, पण त्याने वाढ कधी मोजलेली नाही हे नक्की. टर्बो नसलेल्या अशा छोट्या पेट्रोल इंजिनात चांगल्या हाताने केलेल्या रिमॅपिंगमुळे चार ते सहा अश्वशक्ती वाढल्या, तरी ते काम उत्तम झाले असे मी म्हणेन.

आता मूळ गृहीतकाकडे वळतो. घाटात गाडीत शक्ती कमी पडली, असे तुम्ही मानून चालला आहात. मला मात्र तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे शब्द "चौथ्या गिअरमध्ये" हे वाटले.

इंजिन एखाद्या क्षणी किती शक्ती देते हे त्या क्षणीच्या टॉर्क आणि फेऱ्यांवर ठरते. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९,५४९ ने भागले की किलोवॅट मिळतात. चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगाला तुमच्या इंजिनाचे फेरे दोन हजारांच्या आतच असतात. तुमच्या गाडीचा कमाल टॉर्क ११३ न्यूटन-मीटर असून तो ४,२०० फेऱ्यांना मिळतो. तो सगळाच्या सगळा दोन हजारांना मिळाला असे क्षणभर धरले, तरी हिशेब २४ किलोवॅटच्या आत, म्हणजे ३२ अश्वशक्तींवर थांबतो. पाय जमिनीला टेकेपर्यंत दाबला तरी त्या क्षणी तुमच्या हाती ८३ नव्हे, तर फार तर ३२ अश्वशक्ती होत्या. त्याच वेगाला गाडी तिसऱ्यात असती तर फेरे सुमारे अडीच हजार झाले असते आणि हा आकडा चाळिसाच्या घरात गेला असता. दुसऱ्यात असती तर फेरे साडेतीन हजारांच्या पुढे गेले असते आणि आकडा साठीच्या जवळ पोहोचला असता.

दुसऱ्या आणि चौथ्या गिअरमधील हा फरक पंचवीस-तीस अश्वशक्तींचा आहे. गॅरेजवाल्याने ३९,००० रुपयांत कबूल केलेला आकडा नेमका हाच, आणि तो त्या दिवशी तुमच्या डाव्या हाताखाली होता.

मित्राची पोलो पुढे निघून गेली त्याचेही कारण यातच आहे. तिचे एक लिटरचे टर्बो इंजिन १७५ न्यूटन-मीटर टॉर्क १,७५० फेऱ्यांपासूनच देऊ लागते. दोन हजार फेऱ्यांना तिच्याकडे पन्नासच्या आसपास अश्वशक्ती असतात आणि तुमच्याकडे बत्तीसच्या आत. त्यामुळे गिअर न बदलताही ती चढ ओढत राहते. तुमच्या इंजिनाचा स्वभाव वेगळा आहे. त्याची खरी ताकद वरच्या फेऱ्यांत आहे, आणि ती काढून घ्यायची तर गिअर उतरवून त्याला तिथपर्यंत न्यावे लागते.

हे आपल्याकडे बहुतेकांना खटकते. इंजिन साडेतीन-चार हजारांवर गेले की ते ओरडते, त्याची झीज होते आणि पेट्रोल वाहून जाते, अशी समजूत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गाडी शिकवणारेही सरळ रस्त्यावर लवकर वरचा गिअर टाकायला शिकवतात, जे सपाट रस्त्यासाठी योग्यच आहे. पण पाच माणसे घेऊन चढावर चौथ्यात पूर्ण दाबणे हेच इंजिनाला अधिक जाचक असते. फेरे कमी आणि भार पूर्ण अशा अवस्थेत सिलिंडरमधील दाब व उष्णता वाढते, टकटक असा नॉकिंगचा आवाज येऊ लागतो आणि गाडी थरथरते. इंजिन गरम झालेले असेल, ऑइल पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचे आणि वेळेवर बदललेले असेल, तर घाटातील पाच मिनिटे चार हजार फेऱ्यांवर काढल्याने त्याचे काहीही बिघडत नाही. ते त्यासाठीच घडवलेले आहे.

शिवाय त्या दिवशी गाडीवर भार किती होता याचाही विचार करा. रिकामी स्विफ्ट साधारण ८७० किलोची असते. पाच माणसे आणि सामान मिळून साडेतीनशे किलो तरी सहज झाले असतील. तुम्ही एकटे कार्यालयात जाता तेव्हा एका टनामागे सुमारे ८८ अश्वशक्ती असतात, आणि त्या दिवशी त्या ६८ च्या आसपास होत्या. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाकडूनच काही अश्वशक्ती घेतो, तो हिशेब निराळा. आणखी एक गोष्ट आपल्या माळव्याची : इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि इथली हवा तेवढ्या प्रमाणात विरळ आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर ३०० मीटरला साधारण तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे पठारावर पोहोचेपर्यंत ८३ मधील चारेक अश्वशक्ती हवेनेच काढून घेतलेल्या असतात. टर्बोवाल्या गाडीला ही घट फारशी जाणवत नाही.

म्हणून पहिला प्रयोग बिनखर्चाचा आहे. एखाद्या रविवारी सकाळी, वाहतूक कमी असताना, तितकीच माणसे घेऊन पुन्हा सिमरोळच्या बाजूला, त्याच भेरूघाटात जा. चढ सुरू होण्याआधीच, गती मरण्याची वाट न पाहता, तिसरा टाका. वळण तीव्र असेल तर दुसरा टाका. फेऱ्यांचा काटा तीन ते साडेचार हजारांत ठेवा. वळणावर ओव्हरटेक करू नका, हे मी लिहायला हवे असे नाही, तरी लिहितो. घरी आल्यावर गाडी तुम्हाला पूर्वीसारखीच दुबळी वाटते का, हे प्रामाणिकपणे ठरवा.

यानंतर, गाडीतून हरवलेली शक्ती शोधा. ६२,००० किलोमीटर चाललेल्या आणि आधीच्या मालकाने कशी वापरली हे माहीत नसलेल्या गाडीत ८३ च्या ८३ अश्वशक्ती शिल्लक असतीलच असे नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या शेजाऱ्यांची अशीच तक्रार होती की गाडी ओढत नाही. आम्ही गाडी वीस मिनिटे चालवून आणली आणि चारही चाकांच्या मध्यभागी हात जवळ नेऊन पाहिला. तीन चाके कोमट होती आणि मागचे डावे चाक इतके तापले होते की हात मागे घ्यावा लागला. जॅकवर उचलल्यावर ते चाक हाताने जेमतेम अर्धा फेरा फिरत होते. हँडब्रेकची केबल अडकून ब्रेकचा शू सतत घासत होता. मग बोनेट उघडून एअर फिल्टर काढला. कागदाच्या घड्यांत धुळीचा थर आणि कडुलिंबाची वाळलेली पाने अडकली होती, आणि तो उन्हाकडे धरला तर पलीकडचा उजेड दिसत नव्हता. केबल, शू आणि फिल्टर मिळून दोन हजार रुपयांच्या आत काम झाले, आणि शेजारी म्हणाले की, "गाडी कोणी मागून धरून ठेवली होती, ती सोडून दिल्यासारखी वाटते." मेट्रो आणि रस्त्यांच्या कामांमुळे आपल्या शहरात इतकी धूळ आहे की पुस्तिकेत लिहिलेल्या अंतराच्या आधीच फिल्टर पाहिला पाहिजे.

तुमच्या गाडीत हेच पाहून घ्या. नवा कंपनीचा एअर फिल्टर, नवे स्पार्क प्लग, थ्रॉटल बॉडीची (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची) सफाई, चाकांतील हवा आणि ब्रेकची मोकळीक ही कामे काही हजारांत होतात. हवेचा दाब चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेला असतो, आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा दाब दिला असेल तर तो पाळा. क्लच तपासताना एक खूण लक्षात ठेवा : चढावर पाय दाबल्यावर फेऱ्यांचा काटा झर्रकन वर जातो, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही, असे झाले तर क्लच घसरतो आहे आणि इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचतच नाही. अशा क्लचवर रिमॅपिंग करणे म्हणजे फुटक्या घागरीत जास्त जोराने पाणी ओतणे होय. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, एकदा मोजून घ्या. आकड्यांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत आढळली तर कोणत्याही बदलाचा विचार तिथेच थांबवा, कारण ते इंजिन आधी दुरुस्ती मागते आहे. डिकीत कायम पडून असलेले सामानही काढा. माणसांसह एक टन भरणाऱ्या गाडीतून पन्नास किलो कमी केले तर गती घेण्याच्या दृष्टीने ते चार अश्वशक्ती मिळाल्यासारखेच आहे.

आता गॅरेजवाल्याच्या तीन वस्तू एकेक करून पाहू. परफॉर्मन्स फिल्टर हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी आहे, पण कंपनीचा स्वच्छ फिल्टर या इंजिनाची हवेची गरज पुरेपूर भागवतो. त्यामुळे पाच हजारांच्या फिल्टरने शक्तीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही, हवा ओढण्याचा आवाज तेवढा वाढतो आणि आवाजामुळे गाडी जोरात धावते आहे असा भास होतो. कंपनीचा डबा काढून बोनेटमध्ये उघडा शंकूसारखा फिल्टर बसवणे तर तोट्याचेच, कारण तो इंजिनाभोवतीची तापलेली, विरळ हवा ओढतो. आपल्या मे महिन्यात ती हवा किती तापलेली असते, हे तुम्ही जाणताच.

फ्री-फ्लो सायलेन्सरविषयी माझे मत स्पष्ट आहे : तो घेऊ नका. या आकाराच्या इंजिनात त्यामुळे अगदी वरच्या फेऱ्यांत एक-दोन अश्वशक्ती मिळाल्याच तर मिळतात, आणि खालच्या फेऱ्यांतील खेच बहुधा कमीच होते. घाटात तुम्हाला नेमकी तीच हवी आहे. त्याच्या जोडीने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या गॅरेजमध्ये पुन्हा जाऊ नका. विषारी वायू निर्धोक करणारा तो भाग काढला की गाडीचे पीयूसी प्रमाणपत्र खोटे ठरते, आणि तो धूर तुमची आई आणि बहीणही श्वासावाटे घेतात. आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा ओलांडल्याबद्दल मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९० मध्ये दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची, तीन महिन्यांपर्यंत कैदेची आणि तीन महिने परवाना अपात्र ठरण्याची तरतूद आहे.

रिमॅपिंग ही या तिघांतली खरी अभियांत्रिकी आहे आणि तिच्याविषयी मला आदर आहे. इंधन किती आणि ठिणगी केव्हा, याचे इंजिनाच्या संगणकातील तक्ते त्यात बदलले जातात. टर्बो इंजिनात हवेचा दाबच वाढवता येत असल्यामुळे त्याचा परिणाम मोठा, वीस टक्के किंवा त्याहून अधिकही असू शकतो. मात्र उत्पादक ठिणगीच्या वेळेत थोडी सावधगिरी मुद्दाम राखून ठेवतात, कारण ती गाडी राजस्थानच्या उन्हाळ्यात, निकृष्ट पेट्रोलवर आणि पूर्ण भार घेऊनही चालावी लागते. आपल्या जवळच पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान चाचणी मार्ग २०२१ मध्ये सुरू झाला. अशा ठिकाणी इंजिन, ब्रेक आणि टायर यांची एकत्रित परीक्षा घेऊन मगच गाडी बाजारात येते. बायपासवर अर्धा तास फिरवून "मस्त झाली" असे म्हणणाऱ्याने ती परीक्षा घेतलेली नसते. तुमच्या इंजिनाच्या बाबतीत चार-सहा अश्वशक्तींसाठी २२,००० रुपये मोजून ती सावधगिरी विकून टाकणे मला पटत नाही.

ओबीडीच्या (गाडीतील दोष तपासण्याचे यंत्र जोडायच्या) खाचेत बसवायच्या हजार रुपयांच्या आतल्या "पॉवर चिप" जाहिरातींत दिसतात. अशी एक डबी मी स्वतः उघडून पाहिली आहे. आत लुकलुकणाऱ्या दिव्यांपलीकडे इंजिनाशी बोलेल असे काही नव्हते. १०० ऑक्टेनचे महागडे पेट्रोलही तुमच्या इंजिनाला वेगळी शक्ती देणार नाही. ऑक्टेन ही नॉकिंगला तोंड देण्याची क्षमता असते, इंधनातील ऊर्जा नव्हे. मोठी अलॉय चाके तर गाडीला सुस्तच करतात, कारण वाढलेले वजन फिरत्या चाकात असते आणि ते फिरवायला इंजिनाला अधिक जोर लावावा लागतो.

कायद्याची बाजू मी थोडक्यात पण गांभीर्याने सांगतो, कारण तुमचा तिसरा प्रश्न तिच्याशी बांधलेला आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ असे सांगते की, उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतात. रिमॅपिंग डोळ्यांना दिसत नाही हे खरे, पण जे दिसत नाही ते मान्य आहे असा त्याचा अर्थ होत नाही. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याचा धोका असतो.

या कलमांतील "मालक" हा शब्द पुन्हा वाचा. गाडीचे मालक तुमचे वडील आहेत. दंडाची पावती त्यांच्या नावे फाटेल, विमा कंपनीचे नकाराचे पत्र त्यांच्या नावे येईल, आणि ज्या बदलाची त्यांना कल्पनाही नव्हती त्याचे उत्तर त्यांना द्यावे लागेल. हप्ते तुम्ही भरता, त्यामुळे निर्णयात तुमचा वाटा मोठा आहे हे मला मान्य आहे. तरीही त्यांच्या नावावरच्या गाडीत त्यांना न सांगता बदल करू नका. तुम्हाला पुढे स्वतःच्या हिमतीवर काही करायचे असेल, तर आधी रीतसर हस्तांतर करून गाडी स्वतःच्या नावावर घ्या.

मग चाळीस हजारांचे काय करावे? मी तुमच्या जागी असतो तर वर सांगितलेली तपासणी आणि दुरुस्ती यांवर सात-आठ हजार खर्च केले असते, आणि पुढचा पैसा टायर व ब्रेकसाठी राखला असता. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, त्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. तिथे "२५१८" असे आढळले तर तो टायर २०१८ च्या पंचविसाव्या आठवड्यात बनलेला आहे, आणि त्याची नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी त्याचे रबर कडक झालेले असणार. तुमच्या श्रेणीच्या गाडीला १६५/८० आर१४ टायर येतात. वरच्या श्रेणीत कंपनीनेच दिलेले १८५/६५ आर१५ हे माप व्यासाने जवळजवळ तेवढेच असते, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही आणि वळणावर पकड वाढते. मात्र त्यासाठी चाकेही बदलावी लागतील. खिशाला झेपत नसेल तर मूळ मापाचे चांगले टायर घ्या. ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी बदलायला हवे, कारण ते हवेतील ओलावा शोषते आणि लांब उतारावर तापून त्यात वाफ होऊ लागते. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाट आधी उतरावा लागतो, हे तुम्ही विसरला नसालच. वेग ८० वरून १०० झाला की गाडीतील गतिज ऊर्जा दीडपटीहून अधिक होते, आणि ती जिरवण्याचे काम ब्रेक आणि टायरलाच करायचे असते.

ज्या वाचकांची गाडी टर्बोची आहे आणि ज्यांना हा कायदा व विमा यांचा धोका समजून-उमजूनही रिमॅपिंग करायचेच आहे, त्यांना एवढेच सुचवीन की आधी आणि नंतर, त्याच दिवशी, त्याच डायनोवर (शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) चाकांवरील शक्ती मोजून छापील आलेख मागा, मूळ तक्त्यांची प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि क्लच व गिअरबॉक्स वाढीव टॉर्क सोसतील का हे लेखी विचारा. आलेख देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याचे काम घेऊ नका. डायनो जवळ नसेल तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० वेग गाठायला किती सेकंद लागतात हे शेजारी बसलेल्या माणसाकडून मोजून घ्यावे, दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा, आणि सरासरी काढावी. तुम्हीही दुरुस्तीच्या आधी आणि नंतर हे अवश्य करा. स्वतःच्या हाताने काढलेला आकडा माझ्या म्हणण्यापेक्षा तुम्हाला अधिक पटेल.

आणि हे सगळे करूनही, शंभरहून अधिक अश्वशक्तीची गाडी हवी ही इच्छा तशीच राहिली, तर ती या स्विफ्टमध्ये उभी करण्याचा प्रयत्न करू नका. नीट राखलेली, मूळ स्थितीतील स्विफ्ट इंदुरात चांगल्या किमतीला विकली जाते. फेरफार केलेल्या गाडीपासून ग्राहक बिचकतो. उरलेले पैसे बाजूला ठेवा, वर्ष-दोन वर्षे त्यांत भर घाला, आणि मग ज्या गाडीला कारखान्यातूनच टर्बो, मोठे ब्रेक आणि त्याला साजेसा क्लच मिळालेला आहे, अशी वापरलेली गाडी शोधा. तिच्या शक्तीची नोंद कागदावर असेल आणि विमाही तिचाच असेल.

तुमच्या वडिलांचे एक वाक्य तुम्ही पत्रात तक्रारीच्या सुरात दिले आहे : "गाडीला दम आहे, तू तिला श्वास घेऊ देत नाहीस." ते घाटात तुमच्या शेजारच्या आसनावर बसले होते आणि इंजिन चौथ्यात घुसमटते आहे हे बहुधा त्यांनी ऐकले होते. पुढच्या खेपेला त्यांनाच शेजारी बसवा, आणि चढाआधी गिअर केव्हा उतरवायचा हे त्यांना विचारा.